खोकं काढा, गाणं येईल

नरकासुराच्या रात्री आमच्या फ्लॅटच्या काचा पहाटे चारपर्यंत थरथरत होत्या. खाली कुठलं गाणं लावलंय ते कळत नव्हतं. नुसता ठोका. धड्, धड्, धड्. रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद, असा नियम या देशात २००० सालापासून आहे म्हणतात. असो. पहाटे नरकासुर जळाला, ठोका थांबला, कारीट फोडून झालं आणि सकाळी फोव खायला आमचे बँकेतले एक जुने सहकारी आले.

फोवांची बशी हातात घेऊन ते हॉलमध्ये शिरले आणि थबकले. टीव्हीच्या जुन्या जागी, भिंतीपासून तीन-साडेतीन फूट पुढे, दोन उंच चपट्या फळ्या उभ्या. कमरेच्या थोड्या वर येतील एवढ्या. जाडी जेमतेम इंचभर. वर राखाडी कापड.

"हें कितें रे? दारां हाडल्यांत?"

मी म्हटलं, स्पीकर आहेत. त्यांना पटलं नाही. बशी घेऊनच ते मागच्या बाजूला जाऊन आले. मागे काही नाही. खोकं नाही, भोक नाही, शंकू नाही. मी मोगूबाई कुर्डीकरांचं एक जुनं ध्वनिमुद्रण लावलं. त्यांनी दोन मिनिटं सभ्यपणे ऐकलं, आणि मग तो प्रश्न विचारला, जो आजवर आमच्याकडे आलेल्या प्रत्येक पाहुण्याने विचारला आहे.

"आनी बास खंय?"

मंडळी, रात्रभर त्याच बासने आम्हा दोघांची झोप घालवली होती. डोळे दोघांचेही लाल होते. आणि सकाळी मोगूबाईंच्या गळ्यात हे गृहस्थ तोच ठोका शोधत होते. दोष त्यांचा नाही. त्यांचे कान आपण सगळ्यांनी मिळून असे केले आहेत. मंडपातल्या माणसाने, मॉलमधल्या दुकानदाराने, मोटारीच्या डिकीत ढोल बसवणाऱ्या पोरांनी, आणि हो, माझ्यासारख्या स्वतःला शौकीन म्हणवणाऱ्यांनीसुद्धा. माझं म्हणणं साधं आहे. घरातली संगीतव्यवस्था सुधारायची म्हणजे तीत भर घालायची, ही समजूतच चुकीची आहे. सुधारणा वजाबाकीने होते. आणि चपटा स्पीकर चांगला असतो तो मुळात याचसाठी, की त्यातून एक मोठी गोष्ट वजा केलेली असते. खोकं.

आधी माझाच गुन्हा कबूल करतो. २०१० च्या सुमारास मीही एका दुकानात गेलो होतो. विक्रेत्याने गाणं लावलंच नाही. एका इंग्रजी सिनेमातलं हेलिकॉप्टर लावलं. ते डोक्यावरून फिरलं, सोफा हलला, मी खूश झालो. पाच स्पीकर, एक सबवूफर, आणि मागे एकशे एक भोकं असलेला रिसिव्हर घेऊन घरी आलो. पुढे सात वर्षं मी त्यात भर घालत राहिलो. आवाज नीट लागेना म्हणून जाड वायरी घेतल्या. एका वायरीच्या किमतीत चांगली पैठणी आली असती, हे घरात अजून ऐकवलं जातं. मग स्पीकरखाली ठेवायचे अणकुचीदार पाय. मग आणखी मोठा सबवूफर. प्रत्येक खरेदीनंतर आठ दिवस वाटायचं, वा, आता कसं मोकळं झालं! नवव्या दिवशी परत पहिले पाढे.

आणि या सात वर्षांत एक गोष्ट सावकाश घडत गेली, जी माझ्या लक्षातच आली नाही. मी गाणं ऐकणं कमी केलं होतं. मी स्पीकर ऐकत होतो. जयपूर घराण्याची दोन तासांची मैफल बाजूला पडली आणि 'हे बघ, इथे मंजिऱ्या कशा वाजतात' असं दाखवायला पन्नास सेकंदांचा तुकडा पुन्हापुन्हा लागू लागला. माझे मामा, ज्यांनी लहानपणी मला मांडीवर घेऊन रेडिओ ऐकवला, ते आमच्याकडे आले की हॉलमध्ये न बसता बाल्कनीत जाऊन बसत. मी एकदा कारण विचारलं. ते म्हणाले, "तुझ्या त्या यंत्रात माणूस दिसत नाही रे." मला तेव्हा राग आला होता. आज वाटतं, त्या दिवशी एवढ्या पैशांच्या बदल्यात मला मिळालेला तो एकच खरा सल्ला होता.

माणूस का दिसत नव्हता, याचं उत्तर गूढ नाही. आमचा हॉल अकरा फूट रुंद, सोळा फूट लांब. बंद खोलीत समोरासमोरच्या भिंतींच्या मधे काही ठरावीक सूर अडकून घुमतात. अंतराच्या दुप्पट लांबीची जी लहर, तिचा सूर पहिला. सोळा फुटांच्या लांबीला सुमारे ३५ हर्ट्झ, आणि त्याची दुप्पट ७०. अकरा फुटांच्या रुंदीला सुमारे ५१. आता तानपुरा घ्या. गवई काळी एकमध्ये गात असेल तर जोडीच्या तारा सुमारे १३९ हर्ट्झवर आणि खर्जाची तार ६९ वर. म्हणजे माझ्या हॉलला नेमकी ज्या सुराची खाज, तोच खर्ज. आणि मी सबवूफर कुठे ठेवला होता? कोपऱ्यात! कोपऱ्यातून खोलीतली प्रत्येक घुमणारी लहर जास्तीत जास्त उठते. तानपुरा छेडला की चौथी तार सगळ्या खोलीभर हुंकार भरायची आणि तिच्यावर बसलेला गवई बुडून जायचा. मी यावर उपाय काय केला? त्याहून मोठा सबवूफर आणला. घरात पाणी शिरलं म्हणून नळ मोठा बसवणाऱ्या माणसाला काय म्हणतात ते तुम्हीच ठरवा.

आता खोक्याबद्दल. आज जगात जे बहुतेक स्पीकर आहेत, त्यांचा मूळपुरुष १९२५ सालचा. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमधल्या चेस्टर राईस आणि एडवर्ड केलॉग या दोघांनी चुंबकात हलणारं वेटोळं आणि त्याला चिकटवलेला कागदी शंकू असा स्पीकर जगापुढे मांडला. युक्ती इतकी चांगली की शंभर वर्षं टिकली. पण तिच्यात एक अडचण जन्मापासून आहे. शंकू पुढे जितका आवाज करतो, तितकाच मागेही करतो, आणि मागचा आवाज उलटा असतो. दोन्ही भेटले की खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. म्हणून मागचा आवाज कोंडायला खोकं आलं. पण कोंडलेला आवाज नाहीसा होत नाही. तो लाकूड हलवतो, शंकूतून परत बाहेर येतो, गाण्यात आपली चिमूट मिसळतो. चांगले कारागीर ही चिमूट फार लहान करतात, हे कबूल. पण बाजारात मिळणाऱ्या बहुतेक खोक्यांत ती चिमूट नसते, मूठ असते.

इंग्लंडातल्या हंटिंग्डनच्या पीटर वॉकर यांनी १९५७ साली खोकंच काढून टाकलं. त्यांच्या क्वाड कंपनीचा इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर म्हणजे केसापेक्षा पातळ असा प्लास्टिकचा ताणलेला पडदा, त्याच्या दोन्ही बाजूंना भोकं असलेल्या पट्ट्या, आणि मधे काही हजार व्होल्टचा दाब. शंकू नाही, वेटोळं नाही, खोकं नाही. पडदा एका टोकाला ढकलला जात नाही, सगळाच्या सगळा एकदम हलतो. त्याचं वजन इतकं कमी की त्याला लगेच हलता येतं आणि, त्याहून महत्त्वाचं, लगेच थांबता येतं. तबलजीला विचारा. वाजवणं सोपं, थांबवणं कठीण.

पुढे अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात जिम वायनी नावाच्या, थ्रीएम कंपनीत नोकरी करणाऱ्या इंजिनियरने तीच कल्पना हजारो व्होल्टशिवाय साधली. फ्रिजच्या दाराला जी वाकणारी चुंबकपट्टी असते, त्या जातीच्या पट्ट्या त्याने भोकाभोकाच्या पत्र्यावर चिकटवल्या, समोर पातळ पडदा ताणला आणि पडद्यावर बारीक तार चिकटवली. तारेतून गाण्याचा प्रवाह गेला की पडदा हलतो. १९६९ साली त्याने मॅग्नेपॅन कंपनी काढली आणि ती आजही व्हाइट बेअर लेक या गावी हेच काम करते. तारेच्या जागी काही ठिकाणी ॲल्युमिनियमची पातळ पट्टी आली, एवढाच काय तो मोठा बदल. आमच्या हॉलमधली दारं म्हणजे याच घराण्यातली सगळ्यात धाकटी जोडी, एलआरएस.

इथे एक गोष्ट नजरेखालून जाऊ देऊ नका. क्वाडचा तो पहिला स्पीकर १९५७ ला निघाला आणि १९८५ पर्यंत बनत राहिला. त्याच्यानंतरच्या स्पीकरवर काम सुरू झालं १९६३ साली. तो बाजारात आला १९८१ ला. अठरा वर्षं! नाव मात्र काम सुरू झालं त्या सालाचं, ईएसएल-६३. आज दर दिवाळीला 'नवं मॉडेल आलंय, जुनं काढा' म्हणून ओरडणाऱ्या जाहिराती बघितल्या की मला ही अठरा वर्षं आठवतात. ज्याच्याकडे सांगण्यासारखं काही असतं तो घाई करत नाही. हे गवयालाही लागू आहे आणि कारखानदारालाही.

आता आक्षेप. मला माहीत आहेत, कारण ते मी स्वतः सात वर्षं घेत होतो.

पहिला, अर्थातच, बास खंय? उत्तर: आहे. जितका गाण्यात आहे तितका आहे. माझ्या या लहान जोडीची मजल कंपनीच्या सांगण्याप्रमाणे ५० हर्ट्झपर्यंत. वर सांगितलं तसं काळी एकच्या तानपुऱ्याचा खर्ज ६९. बायकांची पट्टी त्याहून पुष्कळ वर, काळी चार धरली तर मध्य षड्ज सुमारे २०८. म्हणजे ख्यालगायनात जे काही आहे ते जवळजवळ सगळं या इंचभर फळीत मावतं. ज्या ३० हर्ट्झसाठी आपण घरात गिरणीएवढं खोकं आणतो, ते आपल्या गाण्यात नसतंच. ते हेलिकॉप्टरात असतं.

पण प्रामाणिकपणे सांगायचं तर एक गोष्ट या फळ्यांना जमत नाही, आणि ती गोव्याच्या माणसाला टोचणारी आहे. घुमट. चवथीच्या आरतीला चार घुमटं, समेळ आणि कांसाळं एकदम सुरू झाली की मातीच्या मडक्यातून जी हवा छातीवर आपटते, ती या पडद्यातून येत नाही. आकार येतो, धक्का येत नाही. मागचा आणि पुढचा आवाज खालच्या सुरांत एकमेकांना खातो, ही खोकं काढल्याची किंमत. ज्यांना रोज घुमटआरतीच ऐकायची आहे त्यांनी चपटे स्पीकर घेऊ नयेत. खरं म्हणजे त्यांनी स्पीकरच घेऊ नयेत. चवथीला मूळ घरी जावं आणि घुमट हातात घ्यावं.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, कारण तो शहाणी माणसं घेतात. "तुम्ही ऐकता काय, तर तीन-तीन मिनिटांच्या जुन्या तबकड्या. खरखर, एकच वाहिनी, वर ना खाली. त्याला कशाला पाहिजेत असले स्पीकर? मोबाइलवरसुद्धा तितकंच येतं."

मला या युक्तिवादाचा मनापासून राग आहे. कारण यात आपण आपल्याच थोर माणसांना सांगत असतो की तुम्ही जुने झालात, तुम्हाला उरलंसुरलं पुरे. नवं, चकचकीत, गल्लाभरू काही असेल त्याला लाखाचं यंत्र, आणि केसरबाईंना मोबाइलचं भोक! वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. नव्या ध्वनिमुद्रणात माहिती भरपूर असते, त्यातलं थोडं वाया गेलं तरी भागतं. जुन्या तबकडीत माहिती मोजकी असते, आणि जी असते ती जवळजवळ सगळी मधल्या सुरांत, म्हणजे माणसाच्या गळ्याच्या जागी. तिथेच स्पीकरने लाकडाची मूठ मिसळली तर उरलं काय? खोकं नसलेला पडदा मधल्या सुरांत सगळ्यात चांगला असतो. खरखर ऐकू येते, नाही असं नाही. पण खरखर एका बाजूला राहते आणि गळा दुसऱ्या. खोक्यात दोघांची खिचडी होते. एकाच वाहिनीचं गाणं दोन फळ्यांतून सारखं निघालं की दोहोंच्या बरोबर मधे, हवेत, गवई बसतो. दम कुठे घेतला ते कळतं. स्वर लावताना आधी किंचित खालून आला की सरळ शिरला ते कळतं. जयपूरवाल्यांची वळणदार तान कुठून उचलली आणि समेवर कशी टेकली, हे बोट ठेवून दाखवता येतं.

केसरबाई केरकर फोंडा तालुक्यातल्या केरीच्या. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर जी सोनेरी तबकडी अंतराळात गेली, तिच्यात त्यांची भैरवी आहे, 'जात कहाँ हो'. तबकडीबरोबर वाजवायची सुई आणि कार्ट्रिजही ठेवलं आहे, कशी वाजवायची त्याच्या खुणाही आहेत. म्हणजे परग्रहावरच्या कुणी तरी ती नीट ऐकावी याची काळजी माणसांनी घेतली. आणि इथे, त्यांच्याच गोव्यात, आम्ही त्यांच्या नावाने समारोह करतो, शाळा चालवतो, तसबिरीला हार घालतो, आणि ऐकतो मोबाइलवर, भाजी चिरताना. त्यांनी मुळात फार थोडं गाणं तबकड्यांवर ठेवलं. जे ठेवलं तेही आपल्याला नीट ऐकायचं नसेल तर हार कुणासाठी?

तिसरा आक्षेप पैशाचा. "हे श्रीमंतांचे चोचले." काही अंशी बरोबर. चपट्या स्पीकरांत दीड-दोन मोटारींच्या किमतीचेही आहेत आणि त्यांच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण ही धाकटी जोडी २०१९ साली अमेरिकेत साडेसहाशे डॉलरला निघाली. इथे येईतो जहाजभाडं आणि जकातीने ती फुगते, नंतर तिकडेही भाव चढले, हे खरं. मी तर मुंबईच्या एका शौकिनाकडून जुनी जोडी घेतली. हिशेब मांडला तेव्हा कळलं की माझे दोन सबवूफर आणि त्या पैठणीच्या वायरी मिळून याहून जास्त गेले होते.

एक खर्च मात्र टळत नाही, तो लपवणार नाही. या फळ्या ऐतखाऊ आहेत. त्यांचा भार चार ओमचा आणि आवाज कमी. ज्या दाबावर साधा स्पीकर एक वॉट खातो, तिथे या दोन खातात आणि तरी ८६ डेसिबलच देतात. माझा एकशे एक भोकांचा रिसिव्हर पंधरा मिनिटांत तापून बंद पडला. त्याच्या जागी दोनच वाहिन्यांचा, जड रोहित्राचा, दमदार अँप्लिफायर घ्यावा लागला. म्हणून सांगतो, घ्यायचेच असतील तर आधी अँप्लिफायर चार ओमला खरोखर टिकतो का ते बघा. कागदावरचे वॉट बघू नका, वजन बघा. गमतीने सांगत नाही.

आणि आपली हवा. मुंबईच्या त्या शौकिनाने जोडी देताना मला बजावलं होतं, आणि त्याचे आभार मानायला हवेत. हजारो व्होल्टचा इलेक्ट्रोस्टॅटिक गोव्याच्या पावसाळ्यात ठेवणं म्हणजे दुखणं विकत घेणं. दमट हवा आणि धूळ मिळून आत ठिणग्या पडू शकतात. चुंबकाच्या फळ्यांना ती भीती नाही, पण त्यांची तार पडद्याला गोंदाने चिकटवलेली असते, आणि वर्षानुवर्षांच्या उष्ण, दमट हवेने आणि उन्हाने तो गोंद सुटतो. पश्चिमेच्या खिडकीसमोर त्या उभ्या करू नका. आणि दर महिन्याला मागे बघा. आमच्याकडे एका पालीने तिथे बिऱ्हाड केलं होतं.

पण या सगळ्या खर्चांपेक्षा मोठा खर्च निराळाच आहे, आणि तो द्यायला कुणी तयार नसतं. जागा. फळीच्या मागून जितका आवाज पुढे, तितकाच मागे जातो, भिंतीवर आपटून परत येतो. फळी भिंतीला चिकटवलीत तर तो लगेच पुढच्या आवाजात मिसळून चिखल करतो. तीन फूट पुढे घेतलीत तर जाऊन येऊन सहा फूट, म्हणजे सुमारे सव्वापाच सहस्रांश सेकंद उशीर होतो. एवढा उशीर कानाला पुरतो. तो परतलेला आवाज मग चिखल राहत नाही, मैफलीच्या खोलीचा श्वास होतो. बाजूंना मात्र ही फळी जवळपास मुकी असते, त्यामुळे बाजूच्या भिंती गप्प बसतात.

तीन फूट! आजच्या फ्लॅटमध्ये तीन फूट मागणं म्हणजे भावकीत जमीन मागण्यासारखं. आमच्याकडे त्या जागेत काचेचं शोकेस होतं. त्यात कुणी पाहिलेली नाहीत अशी पदकं, कुणी प्यायलेली नाही अशी कपबशी, आणि दुबईहून आलेला एक काचेचा घोडा. घरात चार दिवस बोलणी झाली. शेवटी शोकेस गेलं. मग टीव्ही आतल्या खोलीत गेला. मग छताखालची ती प्लास्टरची नक्षी, जिच्यात आवाज अडकून भुणभुणायचा, तीही काढली. हॉलच्या मधे उभं राहून टाळी वाजवली की आधी झर्रर्र असा पडसाद यायचा. पुस्तकांची मांडणी मागच्या भिंतीला लावली, जाजम घातलं, टाळी साधी झाली. आपल्या आज्यांच्या घरांत हे काही करावं लागत नसे. वर कौलारू छप्पर, उतरतं, फटींचं. जाड चिऱ्याच्या भिंती. राजांगण उघडं. तिथे माणूस हळू बोलला तरी कळायचं. आपण काँक्रीटचे डबे बांधले, त्यांना गुळगुळीत टाइल्स लावल्या, आणि आता त्या डब्यात गाणं नीट वाजत नाही म्हणून वायर बदलतो आहोत.

मोगूबाईंचं कुर्डी गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलं आहे. मे महिन्यात पाणी उतरलं की पायऱ्या, जोती, देवळाच्या खुणा वर येतात, आणि गेलेली माणसं ते बघायला परत जातात. तिथे कुणी नवं काही बांधत नाही. पाणी तेवढं कमी होतं. चांगल्या स्पीकरने याहून वेगळं काय करायचं असतं?

म्हणून माझं मागणं तुमच्यापाशी स्पीकर घ्या असं नाहीच. दुकानात जाण्याआधी आठ दिवस वजाबाकी करून बघा. सबवूफरची वायर काढा. आहेत तेच स्पीकर भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे ओढा. कोपरा मोकळा करा. पंखा बंद, मोबाइल आतल्या खोलीत. एकच राग, सुरुवातीपासून समाप्तीपर्यंत, मधे न उठता. इतकं केल्यावरही गळा आणि तुमच्या मधे काही आड येतंय असं वाटलं, तर मग खुशाल फळ्या आणा. तेव्हा त्या कशासाठी आणल्यात ते तुम्हाला ठाऊक असेल. नाही तर त्याही शोकेसमधला घोडा होतील. मी स्वतः अशी दोन घरं पाहिली आहेत, जिथे लाखमोलाचे चपटे स्पीकर भिंतीला टेकून उभे आहेत आणि त्यांच्यावर कपडे वाळत घातलेले आहेत.

मामा आता सत्याऐंशीचे आहेत. एका कानाने कमी ऐकू येतं. या मे महिन्यात आले तेव्हा मी काही न सांगता केसरबाईंची भैरवी लावली. ते बाल्कनीकडे निघाले होते. दारात थांबले, परत फिरले आणि जाजमावर मांडी घालून बसले. संपल्यावर काही बोलले नाहीत. पुन्हा लाव, अशी हाताने खूण केली.

आणि ते बँकेतले सहकारी? त्यांनी परवा फोन केला. स्पीकर काही घेतलेले नाहीत, घेणारही नाहीत म्हणतात. सबवूफरची वायर मात्र काढली आहे.